कुळागरातला पंप, छोटा बोर्ड आणि आरटीओएस : कोणत्या कामाला किती उशीर चालतो?

सावईचा पाट

नमस्कार मंडळी. सावईवेऱ्यात आमचं कुळागर आहे. पोफळी, माड, केळी आणि पोफळींवर चढवलेली मिरी. डिसेंबरपासून पाऊस लागेपर्यंत शिंपणी चालते. झरीचं पाणी टाकीत साठतं आणि तिथून पंपाने तीन भागांना जातं. हे सांभाळायला एसटीएम३२एफ१०३चा बोर्ड बसवला आहे, सगळे ज्याला ब्लू पिल म्हणतात तोच. ७२ मेगाहर्ट्झ, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम.

सगळी कामं एकाच लूपमध्ये एकामागून एक होतात: फ्लो मीटरचे पल्स मोजणं, पंपाचा करंट बघणं, व्हॉल्व्ह उघडणं आणि मिटणं, मातीचा ओलावा वाचणं, छोट्या डिस्प्लेवर आकडे दाखवणं आणि टू-जी मोडेमवरून घरी एसएमएस पाठवणं. अडचण मोडेमपाशी येते. कुळागर खोलगट जागेत असल्यामुळे रेंज येते नि जाते. मोडेम नेटवर्क शोधायला लागला की त्याची लायब्ररी उत्तर येईपर्यंत थांबून राहते, कधी अर्धा मिनिटसुद्धा. नेमकी तेव्हा टाकी आटली तर पंप कोरडा फिरत राहतो आणि बोर्डाला त्याचा पत्ताच नसतो.

आरटीओएस घाला, म्हणजे अनेक कामं वेळेच्या हिशेबाने वाटून चालवणारी छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, असं दोघांनी सुचवलं. माझे प्रश्न तीन. २० केबीत ते बसेल का? कामांची वाटणी कशी करायची? आणि त्याने बोर्डाचा वेग वाढतो का?

वेर्णा शिफ्ट

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. वेग वाढत नाही. आरटीओएसमध्ये प्रत्येक काम एक टास्क असतं. टास्क बदलताना एकाचे रजिस्टर (सीपीयूतले चालू आकडे) जपून ठेवायचे आणि दुसऱ्याचे उचलायचे, यात थोडा वेळ कर्नल, म्हणजे आरटीओएसचा गाभा, स्वतःच खातो. आरटीओएसकडून मिळते ती वेळेची हमी, आणि ती वेळ तुम्ही आधी ठरवून दिलेली असावी लागते. हे ठरवणं कुठलाही कर्नल तुमच्यासाठी करत नाही. माझ्या मते अर्धं काम तिथेच आहे आणि बहुतेक जण तेच टाळून थेट टास्क बनवायला बसतात.

म्हणून कोडला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि प्रत्येक कामापुढे लिहा: याला किती उशीर झाला की नुकसान सुरू होतं? तुमच्या वर्णनावरून मी मांडून बघते. पंपाच्या सीलला थंडावा आणि वंगण पाण्याचंच असतं, त्यामुळे पाणी आटल्यावर दोनेक सेकंदांत पंपाची वीज तुटली पाहिजे. पंप चालू आणि सगळे व्हॉल्व्ह बंद, अशी अवस्था एखाद्या सेकंदाहून जास्त नको. डिस्प्ले अर्ध्या सेकंदाने बदलला तरी वाचणाऱ्याला खटकत नाही. माती काही मिनिटामिनिटाला सुकत नाही, ओलाव्याला दहा मिनिटंही चालतील. एसएमएस पाच मिनिटं उशिरा पोचला तर कोणाचं काही जात नाही.

हा कागद तयार झाला की प्रायॉरिटी, म्हणजे कोणाला आधी सीपीयू द्यायचा, ती त्यावरूनच निघते. १९७३ साली लिऊ आणि लेलँड यांनी गणिताने दाखवून दिलं आहे: ठरावीक अंतराने येणारी, एकमेकांसाठी न अडणारी कामं असतील, ज्याचं अंतर कमी त्याला वरची प्रायॉरिटी दिली असेल आणि सीपीयूचा एकूण वापर साधारण ६९ टक्क्यांच्या आत असेल, तर कामं कितीही असोत, एकाचीही मुदत चुकत नाही.

आता तुमचा हिशेब. पंपावरचा पहारा दर १०० मिलिसेकंदांनी ५ मिलिसेकंद घेतो असं धरा, म्हणजे ५ टक्के. डिस्प्ले दर ५०० मिलिसेकंदांनी ३०, म्हणजे ६ टक्के. ओलावा नगण्य. तुमचा सीपीयू दहातला नऊ हिस्से वेळ रिकामा बसला आहे आणि तरीही पंप अर्धा मिनिट बेवारस पडतो! एकच लूप म्हणजे पाटाच्या पाण्याच्या पाळ्या. वरच्याने आपली पाळी लांबवली की पाट भरून वाहत असला तरी खालचा सुकतो. आरटीओएसमध्ये मोडेमचा टास्क उत्तराची वाट बघत झोपतो आणि त्या वेळात पहारा चालू राहतो.

जागेचं म्हणाल तर फ्रीआरटीओएस या मोफत आरटीओएसचा कर्नल फ्लॅशमध्ये साधारण ६ ते १२ केबी घेतो. ६४ केबीत अडचण नाही. रॅम जाते ती प्रत्येक टास्कच्या स्टॅकमध्ये, म्हणजे त्याच्या कामचलाऊ आकड्यांसाठी राखलेल्या जागेत, त्यावर वेगळं लिहिते.

तिसवाडी

वेर्णाताईंच्या कागदाशी पूर्ण सहमत. पण कागद झाल्यावर आरटीओएसच हवं असं नाही. मोडेमचा कोड स्टेट मशीनसारखा लिहा, म्हणजे आत्ता कोणत्या अवस्थेत आहोत ते लक्षात ठेवून एकेक पाऊल टाकणारा. कमांड पाठवली की पुढे निघा, प्रत्येक फेरीत बफरमध्ये उत्तर आलंय का तेवढं बघा. लूपची एक फेरी १० मिलिसेकंदांत संपली की पंपाला दोन सेकंद म्हणजे भरपूर. स्टॅक एकच, म्युटेक्सची (सामायिक वस्तू एका वेळी एकाच टास्कला देणाऱ्या कुलपाची) भानगड नाही, आणि एखादी चूक पुन्हा घडवून बघणं फार सोपं जातं. मी उद्योगांसाठी बरीच उपकरणं अशीच केली आहेत आणि आजही छोट्या कामाला हाच मार्ग घेतो.

वेर्णा शिफ्ट

तिसवाडीभाई, हे अगदी खरं आहे आणि नवशिक्याने आधी तेच शिकावं. प्रश्न मोडेमच्या कोडचा आहे. नेटवर्क गेलं, सिम ओळखलं नाही, मध्येच दुसरा एसएमएस आला, उत्तर अर्धवट आलं, अशा प्रत्येक वळणासाठी एक अवस्था लिहावी लागते. सरळ वरून खाली वाचता येणारा कोड तीस-चाळीस तुकड्यांत फुटतो. त्या एका कामासाठी वेगळा टास्क मिळणं हा माझ्या दृष्टीने आरटीओएसचा सर्वांत मोठा फायदा. बाकीची कामं तुम्ही म्हणता तशी एकाच टास्कमध्ये लूपसारखी चालू द्यावीत. पाच कामांचे पाच टास्क करायची गरज नाही.

सावईकर, तुमच्यासाठी तीन टास्क पुरेत. सगळ्यात वर पहारा: करंट, फ्लो, व्हॉल्व्ह, रिले. मध्ये डिस्प्ले आणि ओलावा. खाली मोडेम. पहाऱ्याकडून मोडेमकडे जाणारा निरोप क्यूमधून (निरोपांच्या रांगेतून) द्या आणि क्यू भरली असेल तर पहाऱ्याने थांबायचं नाही, निरोप सोडून द्यायचा. पंप तोडणारा टास्क एसएमएससाठी कधीच अडू नये.

डिचोलीचा वायरमन

मला प्रोग्रामिंग येत नाही, पण पंपांची पॅनलं करण्यात आयुष्य गेलं. सावईकर बाब, बोर्डावर कितीही विश्वास असला तरी टाकीतला फ्लोट स्विच थेट कॉन्टॅक्टरच्या (पंपाची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या वायरीत सिरीजमध्ये घ्या. टाकी आटली की कॉइल सुटते आणि पंप बंद, बोर्ड जिवंत असो वा नसो. बोर्डाने त्याच्या आधी, शहाणपणाने बंद करावा, ते त्याचं काम.

दुसरं. कॉन्टॅक्टर सुटतो तेव्हा कॉइलमधून मोठा झटका परत येतो. कॉइलवर आरसी स्नबर लावा, छोट्या रिलेवर उलटा डायोड लावा, आणि बोर्ड कॉन्टॅक्टरच्या पेटीत ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यातल्या विजा आणि पावसातला दमटपणा दोन्ही वाईट. पेटीला खालून केबल ग्लँड घ्या आणि बाकीची भोकं बुजवा. मुंग्या आणि पाली शिरून कॉन्टॅक्टर अडकलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

वेर्णा शिफ्ट

काकांची फ्लोट स्विचची सूचना सगळ्यांनी उतरवून ठेवावी. जिथे यंत्राचं किंवा माणसाचं नुकसान होऊ शकतं तिथे शेवटचा अडसर सॉफ्टवेअरबाहेरच हवा.

फर्मागुढी

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर लिनक्स घेतलं तर हे सगळं सोपं नाही का? की ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर?

तिसवाडी

पंपासाठी पाय नको. पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाते ते तुला ठाऊक आहे. लिहिणं चालू असताना वीज गेली तर एसडी कार्डवरची फाइल सिस्टीम बिघडू शकते, आणि वीज आल्यावर पाय उठायला वेळ घेतो. मायक्रोकंट्रोलर डोळ्याचं पातं लवायच्या आत कामाला लागतो. रिअल-टाइमची सोय लिनक्सच्या मुख्य प्रवाहात २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत आली, चांगलीही आहे, पण तीन व्हॉल्व्हसाठी तो पसारा कशाला?

ईएसपी३२ घेतलास तर फ्रीआरटीओएस न मागताच मिळतं. आर्डुइनोमध्ये लिहिलेला तुझा लूपसुद्धा तिथे एका टास्कच्या आतच चालतो. आणि पायच्या घरातलं हवं असेल तर पिको बघ, आरपी२०४०, दोन कोर आणि २६४ केबी रॅम. शिकायला रॅम मोकळी असलेली बरी. २० केबीत शिकताना निम्मा वेळ काटकसरीतच जातो.

सावईचा पाट

सगळ्यांचे आभार. वेर्णाताईंनी सांगितलं तसे तीन टास्क केले. फ्लोट स्विचही काकांच्या सांगण्याप्रमाणे कॉइलच्या वायरीत घेतला. मोडेम नेटवर्क शोधत असतानाही पहारा चालू राहतो, हे डोळ्यांनी पाहिलं, फार बरं वाटलं.

पण आता नवीनच गोष्ट. काही तास नीट चालून बोर्ड गोठतो. कधी दोन तासांनी, कधी रात्रभर टिकून सकाळी. फ्लो मीटर काढून ठेवला तर गोठत नाही. पल्स आला की चालू काम थांबवून लगेच धावणारा कोड असतो, त्या इंटरप्टमधून मी पहाऱ्याच्या टास्कला सूचना देतो आणि त्यासाठी ‘फ्रॉम आयएसआर’ शेपटीचं, इंटरप्टमधून बोलवायचंच फंक्शन वापरलं आहे.

वेर्णा शिफ्ट

फंक्शन बरोबर आहे. त्या इंटरप्टची प्रायॉरिटी किती ठेवली? काहीच ठेवली नसेल तर ती शून्य आहे. कॉर्टेक्स-एममध्ये, म्हणजे या चिपच्या प्रोसेसरमध्ये, इंटरप्टचा आकडा जितका लहान तितकी प्रायॉरिटी वरची, म्हणजे शून्य सगळ्यांत वर. फ्रीआरटीओएसच्या टास्कमध्ये नेमकं उलटं: मोठा आकडा वरचा. या दोन विरुद्ध मोजण्यांत भलेभले अडकतात.

गोठण्याचं कारण असं. कर्नल आपल्या याद्या बदलत असतो तेव्हा तो ठरावीक पातळीपर्यंतचे इंटरप्ट थोपवून धरतो. ही पातळी कॉन्फिग फाइलमध्ये असते. चिपच्या कंपनीच्या कोड जनरेटरने बनवलेल्या प्रोजेक्टमध्ये ती सहसा ५ असते. एफ१०३ मध्ये ० ते १५ अशा सोळा पातळ्या आहेत. ५ ते १५ मधले इंटरप्ट थोपतात, ० ते ४ मधले थोपत नाहीत. तुमचा पल्स शून्यावर असेल तर कर्नलचा हात यादीत असतानाच तो आत शिरून तीच यादी बदलू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळायला हव्यात, म्हणून कधी दोन तास लागतात आणि कधी रात्र.

उपाय: त्या इंटरप्टला ५ किंवा त्याहून मोठा आकडा द्या, समजा ६. प्रायॉरिटीचे चारही बिट मुख्य पातळीसाठी राखा, उपपातळीसाठी एकही नको. आणि कॉन्फिगमधला असर्ट, म्हणजे चूक दिसताच बोर्ड थांबवणारी तपासणी, चालू करा. तो चालू असता तर बोर्ड पहिल्याच पल्सला, नेमक्या त्या ओळीवर थांबला असता. विकास चालू असेपर्यंत असर्ट आणि स्टॅक तपासणी कधीही बंद ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. कोडमध्ये ‘हॅल डिले’ हे थांबण्याचं फंक्शन शोधा. ते झोपत नाही, जागेवर फिरत वेळ काढतं. वरच्या टास्कमध्ये असेल तर तेवढा वेळ खालच्यांना सीपीयू मिळतच नाही. त्याजागी ‘टास्क डिले’ घ्या, आणि पहाऱ्यासाठी ‘टास्क डिले अनटिल’, म्हणजे कामाला कमी-जास्त वेळ लागला तरी १०० मिलिसेकंदांची ठेका-चाल सरकत नाही.

सावईचा पाट

प्रायॉरिटी खरंच शून्य होती. ६ केली, असर्ट चालू केला. आठवडा उलटला, गोठलेला नाही. देव बरें करूं, ताई.

फर्मागुढी

पहाऱ्याचा करंट सेन्सर आणि डिस्प्ले एकाच आयटूसी बसवर (अनेक भागांनी वाटून घेतलेल्या दोन वायरींवर) आहेत का? असतील तर मला एक शंका आहे. वर्गात पाथफाइंडरचं उदाहरण झालं होतं. ४ जुलै १९९७ ला यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक पुन्हा पुन्हा रिसेट व्हायला लागला. हवामानाची माहिती घेणारा खालचा टास्क म्युटेक्स धरून बसायचा, बस सांभाळणारा वरचा टास्क त्या म्युटेक्ससाठी थांबायचा, आणि मधल्या पातळीचा संपर्काचा टास्क येऊन खालच्याला चालूच द्यायचा नाही. वरच्याची मुदत चुकली की यंत्रणा स्वतःला रिसेट करायची. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसमध्ये प्रायॉरिटी वारशाने देण्याची सोय होती, फक्त त्या म्युटेक्ससाठी बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि अडचण मिटली. इथेही तसंच होऊ शकतं का?

वेर्णा शिफ्ट

फार चांगला प्रश्न विचारलास. होय, होऊ शकतं, आणि फ्रीआरटीओएसमध्ये ते एका निवडीवर ठरतं. बससाठी बायनरी सेमाफोर (दोनच अवस्थांचा इशारा-झेंडा) वापरला तर वारसा मिळत नाही. म्युटेक्स म्हणून बनवला तर मिळतो: वरचा टास्क थांबला की धरून बसलेल्या खालच्याला तेवढ्यापुरती वरची प्रायॉरिटी मिळते, तो काम आटपून सोडतो. दोन्ही वापरायला सारखेच दिसतात, म्हणून लोक हाताला येईल ते घेतात. कुलूप लावायचं असेल तर म्युटेक्स, इंटरप्टमधून टास्कला उठवायचं असेल तर सेमाफोर किंवा थेट टास्क नोटिफिकेशन. म्युटेक्सला इंटरप्टमधून हात लावता येत नाही.

सावईकरांच्या बाबतीत मी आणखी पुढे जाईन. ३० मिलिसेकंद बस अडवणाऱ्या डिस्प्लेच्या शेजारी पंपाचा सेन्सर ठेवूच नये. करंट बोर्डाच्या स्वतःच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) घ्या. वाटून घ्यायची वस्तूच उरली नाही की कुलूपही लागत नाही.

आता राहिलेलं स्टॅकचं. फ्रीआरटीओएसमध्ये टास्क बनवताना दिलेला आकडा शब्दांत असतो, बाइटमध्ये नाही. या चिपवर एक शब्द ४ बाइटचा, म्हणून २५६ लिहिलं की १ केबी जातो. ईएसपी३२च्या आयडीएफ या सॉफ्टवेअर संचात मात्र तोच आकडा बाइटमध्ये असतो. तिथला कोड इथे उचलून आणला तर चौपट रॅम जाते, आणि इथला तिथे नेला तर स्टॅक चौथाईवर येतो. पहाऱ्याला २५६, डिस्प्लेला २५६, मोडेमला ५१२ शब्द, म्हणजे एकूण ४ केबी. त्यावर आयडल टास्क, टायमरचा टास्क, क्यू आणि मोडेमचे बफर धरूनही निम्मी रॅम मोकळी राहायला हवी. दशांशाचे आकडे प्रिंटएफने छापू नका, ते फंक्शन स्टॅक भरमसाट खातं. लिटर दाखवायचे तर मिलिलिटर पूर्णांकात ठेवा आणि टिंब स्वतः छापा.

सगळे टास्क आणि क्यू स्टॅटिक पद्धतीने बनवा, म्हणजे त्यांची रॅम आधीच राखून. मग रॅम पुरत नसेल तर लिंकर कोड जोडतानाच सांगतो. आणि दोनेक दिवस सगळी कामं चालवून प्रत्येक टास्कचा हाय वॉटर मार्क वाचा. स्टॅकचा किती भाग आजवर एकदाही वापरला गेला नाही ते त्यातून कळतं. मोडेमचा आकडा रेंज नसताना वाचा, कारण त्याचा सर्वांत खोल रस्ता चुकीच्या उत्तरांच्या हाताळणीतून जातो.

तिसवाडी

वॉचडॉग राहिला, म्हणजे ठरल्या वेळात ‘मी जिवंत आहे’ असं थोपटलं नाही तर बोर्ड रिसेट करणारा टायमर. आतला स्वतंत्र वॉचडॉग सुमारे ४० किलोहर्ट्झच्या वेगळ्या घड्याळावर चालतो. एफ१०३ मध्ये त्याची मुदत जास्तीत जास्त २६ सेकंदांपर्यंत जाते आणि एकदा सुरू केला की रिसेटशिवाय थांबत नाही. त्याला टायमरच्या इंटरप्टमधून थोपटू नका. सगळे टास्क मेले तरी इंटरप्ट येत राहतो आणि वॉचडॉगला वाटतं सगळं ठीक आहे. प्रत्येक टास्कने आपली फेरी झाली की इव्हेंट ग्रुपमधला (सामायिक खुणांच्या संचातला) आपला बिट लावायचा, आणि तिन्ही बिट दिसले तरच पहाऱ्याने वॉचडॉगला थोपटायचं. मोडेमची वाट बघणं तुकड्यांत करा, दर काही सेकंदांनी जागं होऊन बिट लावेल असं.

सावईचा पाट

हे सगळं घातलं. आता एकच विचारायचं आहे. डिसेंबरात चालू केलेला बोर्ड मे अखेरपर्यंत बंद करायचा नाही. इतके महिने सलग चालताना आणखी काय बघून ठेवावं?

वेर्णा शिफ्ट

टिकचा, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांचा, आकडा. मिलिसेकंदाला एक टिक असेल तर ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. एक डिसेंबरला चालू केलात तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन शिंपणीत. कर्नलचे स्वतःचे डिले ही उडी नीट सांभाळतात. धोका तुमच्या ओळींत आहे. ‘आत्ताची वेळ शेवटच्या वेळेहून मोठी झाली का’ अशी तुलना जिथे असेल तिथे व्हॉल्व्ह अडकू शकतो. ‘आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ’ ही वजाबाकी बिनचिन्ह आकड्यांत करा आणि ती मुदतीशी ताडा, म्हणजे उडीच्या वेळीही उत्तर बरोबर येतं.

पन्नास दिवस थांबून तपासायची गरज नाही. फ्रीआरटीओएसच्या कॉन्फिगमध्ये सुरुवातीचा टिक ठरवता येतो. तो कमाल आकड्याहून साठ हजारांनी कमी ठेवा, म्हणजे चालू केल्यावर एका मिनिटाने उडी येईल. त्या मिनिटाच्या आधी एक व्हॉल्व्ह उघडा, उडीनंतर मिटेल अशी वेळ द्या, आणि मोडेमची अँटेना काढून ठेवा.

सावईचा पाट

केलं. तीनपैकी दोन व्हॉल्व्ह वेळेवर मिटले, तिसरा उघडाच राहिला. त्याच्या कोडमध्ये जुनी तुलना राहून गेली होती. वजाबाकी घातली, पुन्हा चालवलं, तिन्ही मिटले. अँटेना काढलेली असतानाच फ्लोट स्विचला तात्पुरती वायरीने बगल देऊन टाकीचा कॉक बंद केला. करंट पडला आणि बोर्डाने दोन सेकंदांच्या आत पंप तोडला.